अर्धी फाडलेली नोट

[दृश्य: अंधारात एक कागद. त्याला स्टेपल केलेला नोटेचा अर्धा तुकडा.]

ही नोट खोटी आहे. राणीच्या जागी डायनाचा चेहरा, आणि 'बँक ऑफ इंग्लंड'च्या जागी 'बँक्सी ऑफ इंग्लंड'. 2004 मध्ये ब्रिटिश भित्तिचित्रकार बँक्सीने 10 पौंडांच्या अशा नोटा छापल्या. लंडनच्या नॉटिंग हिल कार्निव्हलमध्ये त्या गर्दीवर उधळल्या गेल्या. काहींनी त्या खऱ्या समजून खर्चायलाही काढल्या. यातली एक नोट आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. आणि हा अर्धा तुकडा कुणाच्या तरी घरातली बँक्सीची प्रिंट, म्हणजे चित्राची छापील प्रत, अस्सल असल्याची साक्ष देतो.

[दृश्य: थेम्स नदीचा काठ, वॉटर्लू पुलाजवळचा जिना.]

2002. इथल्या भिंतीवर एक लहान मुलगी उमटली. हात पुढे केलेला, आणि वाऱ्याने निघालेला लाल फुगा, बदामाच्या आकाराचा. पुढे भिंतीवर रंग फिरला आणि मुलगी गेली. रस्त्यावरच्या चित्राचं असंच होतं. ते सगळ्यांचं असतं, पण त्याला राखायला कुणी बसत नाही.

मुलगी टिकली ती कागदावर. 2004 मध्ये लंडनच्या 'पिक्चर्स ऑन वॉल्स' या प्रकाशनसंस्थेने तिची स्क्रीन प्रिंट काढली. आपल्याकडे लग्नपत्रिका आणि कापडी पिशव्या छापतात तीच ही पद्धत. ताणलेली जाळी, वर शाई, आणि स्क्वीजीचा, म्हणजे रबरी पट्टीचा, एकसारखा दाब. प्रत्येक रंगाची जाळी वेगळी. बिनसहीच्या 600 प्रती निघाल्या, सहीच्या 150. सहीच्या प्रतीवर पेन्सिलीने 43/150 असं दिसलं, तर ती दीडशेतली त्रेचाळिसावी. ठरलेल्या प्रती झाल्या की छपाई थांबली.

[दृश्य: दोन सैनिक. एक बंदूक घेऊन पहाऱ्यावर, दुसरा भिंतीवर लाल रंगाने शांततेचं चिन्ह काढतोय.]

मला सर्वांत जवळची वाटते ती ही प्रिंट, 2005 सालची. मूळ चित्र इराक युद्धाविरुद्ध ब्रिटिश संसदेसमोर ठिय्या देऊन बसलेल्या ब्रायन हॉ यांच्या तळावर उभं होतं. 2006 च्या मे महिन्यात पोलिसांनी तिथले बहुतेक फलक उचलून नेले, त्यांत हेही गेलं. ज्यांनी आदल्या वर्षी प्रिंट घेऊन घरात लावली होती, त्यांच्या भिंतीवर मात्र ते दोघे सैनिक तसेच राहिले. संग्राहक असावेत ते यासाठी.

मग भाव चढले. सामान्य माणसाला परवडावी म्हणून काढलेली फुगेवाल्या मुलीची सहीची प्रत लिलावात लाखभर पौंडांच्या पलीकडे गेली. पाठोपाठ नकली प्रती आल्या. 2008 मध्ये बँक्सीच्या बाजूने 'पेस्ट कंट्रोल' ही संस्था उभी राहिली. प्रत अस्सल ठरली की ती प्रमाणपत्र देते, आणि त्यावर डायनाची अर्धी फाडलेली नोट लावते. उरलेला अर्धा भाग संस्थेकडे. दोन्ही तुकड्यांची फाटलेली कड आणि हाताने लिहिलेला क्रमांक जुळला पाहिजे. भिंतीवरच्या चित्रांना मात्र हे प्रमाणपत्र मिळत नाही. भिंत फोडून चित्र विकायला नेणाऱ्यांना ही संस्था दारात उभं करत नाही, आणि ते मला पूर्ण पटतं.

[दृश्य: ब्रिस्टल शहर, मतदान केंद्राची पाटी.]

जून 2017. ब्रिटनमध्ये सार्वत्रिक निवडणूक. बँक्सीने ब्रिस्टल परिसरातल्या सहा मतदारसंघांतल्या मतदारांसाठी एक नवी प्रिंट जाहीर केली. पैसे नकोत. हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाच्या विरोधात मत द्या, मतपत्रिकेचा फोटो पाठवा, प्रिंट घरी येईल. पण मतदान गुप्त असतं, आणि मतासाठी वस्तू देणं तिथेही गुन्हा आहे. निवडणूक आयोगाने इशारा दिला, पोलिसांनी चौकशी सुरू केली. मतदानाला दोनच दिवस उरले असताना बँक्सीने ती प्रिंट मागे घेतली.

पाहायला मिळालं ते फक्त तिचं चित्र. तीच मुलगी, तसाच पुढे केलेला हात. फुग्यावर या वेळी ब्रिटनचा झेंडा होता.