ओशनिया : अस्सल कागद नसलेला देश

ओशनियाला राजधानी नाही. तिथे कायद्याचं पुस्तक नाही, म्हणून कागदोपत्री कुठलाच गुन्हा गुन्हा ठरत नाही. तरी एखाद्यानं घरी बसून रोजनिशी लिहिली आणि ती सापडली, तर मरण किंवा निदान पंचवीस वर्षांची सक्तमजुरी ठरलेली. वकील द्यायचा प्रश्न नाही, कारण वाद घालायला कलमच नाही. देशाचा प्रमुख बिग ब्रदर. त्याचं चित्र भिंतींवर आहे, नाण्यांवर आहे, सिगारेटच्या पाकिटांवर आहे; पण तो राहतो कुठे, हे कुणालाही ठाऊक नाही.

जॉर्ज ऑर्वेल यांनी हा देश 'नाइन्टीन एटी-फोर' या कादंबरीत उभा केला. ती ८ जून १९४९ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. तुमच्यापैकी पुष्कळांनी ती वाचली असेल, म्हणून विन्स्टन स्मिथ हा सरकारी कारकून आणि त्याची प्रेयसी ज्युलिया यांची कथा मी पुन्हा सांगत बसत नाही. मला या देशाचा भूगोल, त्याचा इतिहास आणि त्याचा कारभार याविषयी बोलायचं आहे. या पुस्तकाचं नाव निघालं की बोलणं लगेच कॅमेऱ्यावर जातं. घराघरांत बसवलेला टेलिस्क्रीन, तो तुम्हाला दिसतो आणि त्याला तुम्ही दिसता. तो भाग भयंकर आहेच. पण पंच्याऐंशी टक्के जनतेच्या घरांत टेलिस्क्रीन बहुधा नाहीच, आणि तरीही ती जनता मुठीत आहे. मग सत्ता कशाच्या जोरावर चालते? माझं उत्तर आहे, दप्तराच्या जोरावर. सगळा कागद एका पक्षाच्या हातात आहे, आणि तो कागद रोज बदलला जातो.

आधी भूगोल पाहू. ओशनियात दोन्ही अमेरिका, ब्रिटिश बेटं, ऑस्ट्रेलिया आणि आफ्रिकेचा दक्षिण भाग येतो. ब्रिटनचं नाव पुसून 'एअरस्ट्रिप वन' ठेवलं आहे, म्हणजे विमानं उतरवायची एक धावपट्टी, बस्स. लोकसंख्येत हा तिसऱ्या क्रमांकाचा प्रांत आणि लंडन हे त्याचं मुख्य शहर. पलीकडे पोर्तुगालपासून बेरिंगच्या सामुद्रधुनीपर्यंत युरेशिया, आणि चीन-जपानच्या बाजूला ईस्टेशिया. तीन महासत्ता, आणि त्यांच्यात न संपणारं युद्ध.

पक्षाचे दोन थर आहेत. आतल्या पक्षात साठ लाख माणसं, म्हणजे लोकसंख्येच्या दोन टक्क्यांहून थोडी कमी. मग बाहेरचा पक्ष, हे कारकून लोक. आणि उरलेले सुमारे पंच्याऐंशी टक्के म्हणजे प्रोल, कष्टकरी. सभासदत्व जन्मानं मिळत नाही, सोळाव्या वर्षी परीक्षा घेऊन माणूस निवडला जातो. आता साठ लाख म्हणजे दोन टक्क्यांच्या आत असतील, तर एकूण लोकसंख्या तीस कोटींच्या थोडी वर जाते. पण कादंबरी आली त्या सुमारास प्रत्यक्षात दोन्ही अमेरिका आणि ब्रिटन एवढ्यांतच त्याहून बरीच जास्त माणसं राहत होती. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका अजून मोजलेच नाहीत. पस्तीस वर्षांत माणसं वाढायची, ती इथे कमी झाली आहेत. पन्नासच्या दशकातल्या अणुयुद्धात शेकडो बॉम्ब पडले, हे एक कारण असू शकतं. दुसरी शक्यता अशी की हा आकडाच खोटा आहे. इतिहासाचा माणूस इथे थबकतो आणि विचारतो, आकडा आला कुठून?

आपल्याकडे इतिहास शिकताना पहिला धडा मिळतो तो बखर आणि अस्सल पत्र यांतल्या फरकाचा. बखर नंतर लिहिलेली, कुणाच्या तरी सांगण्यावरून, कुणाला तरी खूश ठेवून. पत्र त्या दिवशीचं, त्या हाताचं. बखरीत शंभर चुका असल्या तरी चालतं, कारण पत्राशी ताडून पाहता येतं. ओशनियात ताडून पाहायला पत्रच नाही.

या देशाच्या इतिहासाचं एकच सलग साधन आपल्या हाती आहे : गोल्डस्टीन या पक्षद्रोही नेत्याच्या नावावर असलेलं गुप्त पुस्तक. तीन महासत्ता, साठ लाखांचा आकडा, अणुयुद्धाची हकिगत, सगळं तिथूनच येतं. आणि छळकोठडीत ओब्रायन विन्स्टनला सांगतो की ते पुस्तक लिहिण्यात माझा हात होता. ओब्रायन हा आतल्या पक्षाचा माणूस. म्हणजे सरकारविरुद्धचं एकमेव पुस्तकही सरकारी कचेरीतच तयार झालेलं! ज्युलियाला तर वाटतं की लंडनवर पडणारे रॉकेट बॉम्ब ओशनियाचं सरकार स्वतःच टाकत असेल. ते खरं की खोटं, हे ठरवायला साधन नाही. विन्स्टन रोजनिशीच्या पहिल्या पानावर ४ एप्रिल १९८४ अशी तारीख घालतो आणि तिथेच अडतो, कारण हे साल नक्की चौऱ्याऐंशीच आहे का, याची त्याला खात्री नाही. साल माहीत नसलेला देश!

कागद बदलण्याचं हे काम चालतं कसं, ते जवळून पाहण्यासारखं आहे. विन्स्टनची कचेरी म्हणजे सत्य मंत्रालय, तीनशे मीटर उंचीची इमारत. टेबलाशेजारच्या नळीतून चिठ्ठी येते. एक चिठ्ठी बुटांची आहे. या तिमाहीत चौदा कोटी पन्नास लाख जोड तयार होतील, असा अंदाज समृद्धी मंत्रालयानं छापला होता. झाले म्हणे सहा कोटी वीस लाख. विन्स्टन जुन्या अंकातला अंदाजच खाली आणून पाच कोटी सत्तर लाख करतो. झालं, उद्दिष्टापेक्षा जास्त उत्पादन! अंक पुन्हा छापला जातो, जुनी प्रत भट्टीत जाते. हे करताना त्याला माहीत आहे की बहुधा एकही जोड तयार झालेला नाही आणि अर्धी जनता अनवाणी फिरते आहे. त्याला हे काम आवडतं, हे ऑर्वेल यांनी लपवलेलं नाही, आणि मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. तो हुशार कारकून आहे. बारीक, अवघड दुरुस्ती आली की त्याचं मन रमतं. दुष्ट माणसांच्या टोळीवर असा देश चालत नसतो. मान खाली घालून काम नीट करणारी हजारो माणसं त्याला लागतात.

दुसरी चिठ्ठी विदर्स नावाच्या अधिकाऱ्याची. त्याचा गौरव पूर्वी छापला गेला होता. आता तो माणूसच नाहीसा करण्यात आला आहे, तेव्हा गौरवही जायला हवा. विन्स्टन त्या जागी ओगिल्व्ही नावाचा हुतात्मा रचतो, हिंदी महासागरावर शत्रूच्या विमानांनी पाठलाग केला तेव्हा उडी घेऊन मेलेला, वय तेवीस. असा कुणी जन्मालाच आला नव्हता. पण चार ओळी आणि एक-दोन बनावट फोटो, की तो होऊन गेलेला माणूस ठरतो.

ऑर्वेल यांना हे सुचलं कुठून? त्यातलं बरंच त्यांनी पाहिलेलं होतं. त्यांचा जन्म १९०३ सालचा, बिहारमधल्या मोतीहारीचा. वडील सरकारच्या अफू खात्यात. पुढे पाच वर्षं ते ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी होते. १९३६ च्या अखेरीस स्पेनच्या यादवी युद्धात लढायला गेले, मे १९३७ मध्ये गळ्यातून गोळी आरपार गेली. ज्यांच्या बाजूनं लढले त्याच गोटातल्या कम्युनिस्टांनी त्यांच्या तुकडीच्या पक्षाला फॅसिस्टांचे हस्तक ठरवलं. जिथे चकमकही झाली नाही तिथल्या मोठ्या लढायांची वर्णनं वर्तमानपत्रांत आलेली त्यांनी वाचली, आणि जिथे माणसं मेली तिथलं अवाक्षर नाही, हेही पाहिलं. वस्तुनिष्ठ सत्य ही गोष्टच जगातून जाते की काय, ही धास्ती त्यांना तिथून लागली.

मग बीबीसी. ऑगस्ट १९४१ ते नोव्हेंबर १९४३ ते बीबीसीच्या पौर्वात्य सेवेत हिंदुस्थानसाठीच्या कार्यक्रमांवर होते. आपल्याला माहीत असायला हवी अशी एक गोष्ट इथे आहे. युद्धावरची साप्ताहिक वार्तापत्रं ऑर्वेल इंग्रजीत लिहीत, आणि त्यांची भाषांतरं होऊन ती हिंदुस्थानी भाषांत जात. त्यांत मराठी होती, गुजराती होती. वेणू चितळे या मराठी बाई त्या विभागात त्यांच्या सहकारी होत्या. म्हणजे त्या वर्षांत मुंबई-पुण्याकडच्या ज्या घरात लंडनचं मराठी वार्तापत्र लागत असेल, तिथे ऑर्वेल यांची वाक्यं आपल्या भाषेत ऐकू येत होती. प्रत्येक मजकुरावर धोरण आणि सुरक्षा अशा दोन्ही बाजूंनी सेन्सॉरची मंजुरी लागे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये काँग्रेसचे नेते तुरुंगात होते, आणि ही सेवा हिंदुस्थानशी स्वातंत्र्याच्या लढ्याबद्दल, अर्थात जर्मनी-जपानविरुद्धच्या, बोलत होती. बीबीसी म्हणजे सत्य मंत्रालय नव्हे. तिथून आपल्या मनानं राजीनामा देऊन ऑर्वेल बाहेर पडले, आणि ओशनियात राजीनामा ही गोष्ट नाही. पण शिक्का बसल्याशिवाय वाक्य बाहेर जात नाही अशा कचेरीत रोज बसणं कसं असतं, ते त्यांना तिथे कळलं.

आणि मित्र-शत्रूंची अदलाबदल तर अख्ख्या जगानं पाहिली होती. २३ ऑगस्ट १९३९ रोजी स्टालिनच्या रशियानं हिटलरच्या जर्मनीशी करार केला; २२ जून १९४१ रोजी जर्मनीनं रशियावर हल्ला केला. दोन्ही वेळा देशोदेशीच्या कम्युनिस्ट पक्षांना आपली भूमिका उलटी करावी लागली. आपल्याकडच्या पक्षानंही कालच्या साम्राज्यवादी युद्धाला लोकयुद्ध म्हटलं. ओशनियात हेच द्वेष सप्ताहाच्या सहाव्या दिवशी घडतं. भर सभेत वक्ता युरेशियावर आग पाखडत असतो. कुणीतरी त्याच्या हातात चिठ्ठी देतो. तो न थांबता, आवाज न बदलता, वाक्याच्या मध्येच शत्रूचं नाव बदलतो. आता शत्रू ईस्टेशिया. लोक वर पाहतात तो सगळे फलक चुकीचे! ही गोल्डस्टीनच्या हस्तकांची घातपाती कृत्यं म्हणून फलक टराटरा फाडले जातात. त्यानंतर सत्य मंत्रालयाचे कारकून दिवसाचे अठरा-अठरा तास राबतात, कारण पाच वर्षांची वर्तमानपत्रं बदलायची आहेत.

हे कादंबरीतलं म्हणून सोडून द्यावं, तर पुस्तक आल्यानंतर चार वर्षांनी सोव्हिएत पोलीस खात्याचा सर्वेसर्वा बेरिया पकडला गेला. मोठ्या सोव्हिएत विश्वकोशात त्याच्यावर लांबलचक नोंद होती. वर्गणीदारांना नवी पानं पाठवण्यात आली आणि बेरियाची पानं कापून ही चिकटवा, अशी सूचना आली. नव्या पानांवर बेरिंग समुद्राची माहिती होती. कात्री प्रत्येकानं आपल्या घरी, आपल्या हातानं चालवायची होती.

प्रोल लोकांविषयी थोडक्यात सांगतो. त्यांना पक्ष शिकवत नाही, धाकातही फारसा ठेवत नाही. काम, बिअर, फुटबॉल आणि लॉटरी एवढ्यावर ती माणसं जगतात. साधा हिशेब न येणारी माणसं लॉटरीच्या नंबरांचे अवघड आडाखे बांधतात. प्रत्यक्षात लहान बक्षिसंच दिली जातात. मोठ्या बक्षिसांचे विजेते नसतातच. हे पचतं, कारण देशाच्या एका भागाची खबर दुसऱ्या भागाला नाही. पुन्हा तोच मुद्दा : विजेत्याचं नाव पडताळून पाहायला जागा नाही.

उरलं युद्ध. ते जिंकायचं नाहीच. यंत्रांनी भरमसाट माल तयार होतो. तो लोकांच्या घरी गेला तर लोक सुखी होतील, शिकतील आणि हा पक्ष हवा कशाला म्हणून विचारतील. म्हणून तो माल समुद्रावरच्या तरंगत्या किल्ल्यांत जिरवायचा आणि बुडवायचा. हे युद्ध महासत्तांच्या मुख्य भूमीवर फारसं होत नाही. टँजिअर, ब्राझाव्हिल, डार्विन आणि हाँगकाँग ही चार टोकं जोडून जो चौकोन होतो, त्यात ते चालतं. नकाशा समोर घ्या आणि रेघा मारा. आपला महाराष्ट्र त्या चौकोनात आहे. पुस्तकात दक्षिण हिंदुस्थानाचं नाव तर स्पष्टच घेतलं आहे : हा प्रदेश ज्याच्या हाती, त्याच्या हाती कोट्यवधी स्वस्त मजूर. जगातली एक पंचमांश माणसं या चौकोनात राहतात आणि एका विजेत्याकडून दुसऱ्याकडे कोळशासारखी, तेलासारखी हस्तांतरित होतात.

माझी या पुस्तकाबद्दलची एकच तक्रार इथे आहे. ब्रह्मदेशात पाच वर्षं काढलेल्या माणसाला ही माणसं माहीत होती, त्यांच्यावर त्यानं इतरत्र मनापासून लिहिलंही आहे. इथे मात्र चौकोनातल्या एकाही माणसाला नाव नाही. लंडनमध्ये निदान विदर्सचं नाव पुसायला कागद होता. एक बातमी मात्र आहे. सुरुवातीलाच टेलिस्क्रीनवर कर्णा वाजतो : मलबार आघाडीवरून आत्ताच खबर, दक्षिण हिंदुस्थानात आपल्या फौजांचा दणदणीत विजय, युद्धाचा शेवट आता दृष्टिपथात. मेलेल्या आणि पकडलेल्या युरेशियन सैनिकांचे प्रचंड आकडे सांगितले जातात. मलबारात राहणाऱ्या माणसांचं काय झालं, याबद्दल त्या बातमीत काही नाही. विन्स्टन बातमी ऐकून ओळखतो की आता काहीतरी वाईट येणार, आणि तसंच होतं : पुढल्या आठवड्यापासून चॉकलेटचं रेशन तीस ग्रॅमवरून वीस ग्रॅम.