रोडगा आधी फोडायचा

(दृश्य: अंगणात पेटलेल्या गोवऱ्या. बाजूला परात, सूप, पाण्याचं घमेलं.)

वर्धा जिल्हा, समुद्रपूर तालुका. हा हळदीचा मुलूख. इथल्या वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. सध्या मात्र शेतात कापूस फुटलाय आणि वेचणीची घाई आहे. आज बाजाराचा दिवस, म्हणून मजूर घरी आहेत. एरवी या दिवसांत आई घरी थांबली, की तिची मजुरी बुडते. म्हणून दिव्यांग तरुणांचा हा स्वयंपाक बाजाराच्याच दिवशी ठेवतात.

आजचा बेत रोडग्यांचा, म्हणजे गोवऱ्यांच्या आरात भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचा. सोबत वांग्याची भाजी आणि तुरीचं वरण. करणारी मंडळी विशीच्या आसपासची. कुणाला डाऊन सिंड्रोम, कुणाला लहानपणापासून फिट येतात, कुणी जेमतेम चार शब्द बोलतं. नावं आम्ही घेणार नाही. घरच्यांनी तशी अट घातली आहे, आणि ती योग्यच आहे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अपंगत्वाचे २१ प्रकार मानले, ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. अठरा पूर्ण झाली, की बहुतेकांची शाळा सुटते. मग ओसरीवरची खाट आणि टीव्ही. घरात काम भरपूर असतं, पण यांच्या वाट्याला येत नाही. हातात काही घेतलं, की कुणीतरी म्हणतंच, "दे इकडे, सांडशीन."

(दृश्य: कणीक मळणारे हात, अगदी जवळून.)

रोडग्याची कणीक पोळीसारखी मऊ नसते. जाडसर दळलेला गहू, तेलाचं मोहन, ओवा, मीठ आणि पाणी बेतानं. मळताना जोर थेट खांद्यातून लागतो. डाऊन सिंड्रोममध्ये स्नायू मुळातच ढिले असतात, पकड लवकर सुटते. अशा हातांना परात चांगलं काम देते. हा पिवळ्या सदऱ्यातला मुलगा बघा. मघापर्यंत जागेवर बसत नव्हता, बोटं सारखी चाळवत होता. आता दोन्ही तळवे कणकेत रोवून बसलाय. सांध्यांना असा भक्कम दाब मिळाला, की पुष्कळांचं अंग निवतं. शहरात यासाठी महागडी खेळणी विकायला असतात. इथं गव्हाचं पीठ आहे, आणि ते नंतर खाताही येतं.

पण ओलं पीठ सगळ्यांनाच चालत नाही. त्याच्या शेजारची मुलगी चिकट काही लागलं, की हात झटकते, कधी ओरडते. तो हट्ट नाही. तो स्पर्श तिला खरोखरच सोसत नाही. बाईंनी (विशेष शाळेत शिकवून त्या निवृत्त झाल्या) तिच्यापुढे आधी सूप ठेवलं, सुपात ज्वारी. कोरडे, गुळगुळीत दाणे तिला आवडले. मग कोरडं पीठ. मग मोहन घातलेलं, मुठीत धरलं की मुटका होणारं आणि सोडलं की भुरभुरणारं. पाणी सगळ्यात शेवटी. घमेलं हाताशीच आहे. वाटेल तेव्हा हात धुवावा, कुणी काही म्हणत नाही.

(दृश्य: बाईंचा हात कणकेवर, त्यावर मुलीचा हात.)

इथं नीट बघा. बाईंनी तिचा हात धरलेला नाही. बाईंचा हात खाली, तिचा वर. कणकेची हालचाल तिला बाईंच्या हातातून कळते, आणि नको झालं, की ती हात काढून घेऊ शकते. आपण नेमकं उलटं करतो. मनगट धरतो आणि पिठात घालतो.

"घाई नको माय, तुह्या मनानं होऊ दे," बाई म्हणतात.

कोपऱ्यात खलबत्ता चाललाय. लसूण आणि जिरं. मिक्सर मुद्दाम आणलेला नाही. त्याच्या घरघरीनं दोघं-तिघं कान झाकून घराबाहेर पळतात. वीजही मघाशीच गेली आहे, म्हणजे कुणाची अडचण झाली नाही. खलबत्त्याचा आवाज कुटणाऱ्याच्या मुठीत असतो. तो थांबला, की आवाज थांबतो. मिरची मात्र या हातांत द्यायची नाही. हात कधी डोळ्याला जाईल, सांगता येत नाही.

एका मुलाला दिसतं कमी, शब्दही फार कळत नाहीत. त्याला काय सांगायचं, आणि कसं? बाई त्याच्या हातात सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी देतात. तो ती चुरगळतो, हुंगतो आणि उठून परातीकडे जातो. दर वेळी सुरुवातीला हीच जुडी. तोंडानं दहा वेळा बोलावून जे झालं नसतं, ते वासानं होतं.

(दृश्य: गोवऱ्यांचा आर. चुन्यानं आखलेली रेघ.)

कणकेच्या छोट्या पाऱ्या लाटायच्या, मध्ये तेल लावून एकात एक गुंडाळायच्या आणि गोळा वळायचा. हे सगळ्यांना जमत नाही, जमावं असा आग्रहही नाही. आराजवळ चुन्याची रेघ ओढली आहे. रेघेच्या आत फक्त मोठी माणसं. ज्यांना फिट येतात, त्यांना विस्तवाजवळ एकटं सोडायचं नाही. यात भीड बाळगायची नाही. आणि सकाळची गोळी चुकवून कुणी आलं, तर आधी आईशी बोलणं, मग परात.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. कुठलंही काम शिकवताना आपण पहिल्या पायरीपासून सुरुवात करतो. पीठ चाळ, पाणी घाल, मळ. या मंडळींची तिसऱ्या पायरीला दमछाक होते, आणि पुढचं कुणीतरी दुसराच उरकतो. पदार्थ होतो, पण तो आपण केला असं त्यांना वाटत नाही. बाई शेवटून शिकवतात. नव्या माणसाला पहिल्या दिवशी एकच काम, तयार रोडगा फोडायचा.

(दृश्य: फडक्यानं राख झटकली जाते. मूठ खाली येते.)

आरातून काढलेला रोडगा हाताला सोसेल इतका निवू द्यायचा, फडक्यानं राख झटकायची, ताटात ठेवायचा आणि वरून मूठ. कवच कडकन फुटतं. आतून वाफ, ओव्याचा वास. त्यात तूप. इतकं केलं, की समोर ताट तयार असतं आणि ते त्याचंच असतं. पुढच्या खेपेला त्याच्या आधीचं काम, राख झटकणं. मग गोळा वळणं. असं मागं मागं सरकत एक दिवस परात.

ज्यांना गिळायला त्रास होतो, त्यांचा रोडगा वरणात चांगला भिजवून, कुस्करून देतात. घाई करायची नाही, बसवूनच भरवायचं.

जेवणं आटोपल्यावर त्या पिवळ्या सदऱ्यातल्या मुलाच्या आजीनं बाईंना अडवलं.

"एवढ्या वेळात माहा अख्खा सैपाक होते जी बाई. घरी कोणाले वेळ आहे?"

"अख्खा सैपाक कोन सांगून राहिलं, आजी? एक लसून सोलाले द्या त्याले, रोज संध्याकाळी. फक्त हातातून काढून घेऊ नका."

आजीनं मान हलवली. पटलं की नाही, चेहऱ्यावरून कळलं नाही.

पुढं आम्ही त्यांच्या घरी गेलो, तेव्हा तो ओट्याखाली पाटावर बसून लसूण सोलत होता. एक गड्डा झाला, की दुसरा मागतो, आणि सोललेला परत ठेवू देत नाही. सध्या त्या घरातल्या प्रत्येक भाजीत लसूण जरा जास्तच पडतोय.