कोटेशनमध्ये न लिहिलेला पाया

नमस्कार श्रोतेहो. मी रत्नागिरी जिल्ह्यात बांधकामाची ठेकेदारी करतो. पंधरा-वीस माणसं, एक मिक्सर, सेंट्रिंगचं सामान आणि एक पिकअप, एवढाच पसारा. 'जोखीम व्यवस्थापन' हा शब्द ऐकला की आम्हाला बंदरं नि पूल बांधणाऱ्या कंपन्या आठवतात. आमच्याकडे त्याला 'बघू या' म्हणतात.

या 'बघू या'नं मला एकदा चांगलंच बुडवलं. समुद्राजवळच्या उतारावर दुमजली घराचं काम होतं. प्लॉटवर जांभा उघडा दिसत होता. पाया चार फुटांत उरकेल असं धरलं आणि चौरस फुटाला ठोक भाव दिला. जेसीबी लावला, तर तीन फुटांवर जांभा संपला. खाली गुलाबी-पांढरी माती. हातात चोळली तर साबणासारखी बुळबुळीत. जांभ्याचं असंच असतं, वर कातळ आणि पोटात पाणी प्यायलं की लोणी होणारी माती. पाया आठ फुटांवर गेला. मालकांनी शांतपणे विचारलं, "भाऊ, कोटेशनमध्ये पाया धरलाय ना?" धरला होता. किती खोल, ते लिहिलं नव्हतं. त्या कामाचा नफा त्या खड्ड्यातच राहिला.

तेव्हापासून भाव देण्याआधी दोन चाचणी खड्डे घेतो. शिवाय कोटेशनमध्ये एक ओळ घालतो: 'चार फुटांपुढील खोदाई व भराई प्रत्यक्ष मोजमापाने, वेगळ्या दराने.' या ओळीमुळे कामं हातची गेलीत, हेही सांगतो. शेजारचा ठेकेदार ती ओळ लिहीत नाही, म्हणून तो स्वस्त दिसतो.

दुसरी गोष्ट तारखेची. कराराच्या कागदावर वर्ष बारा महिन्यांचं असतं, आमचं नसतं. शिमग्याला स्थानिक गडी वाडीत जातात, एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या बागेत. मिरग लागला की भाताची पेरणी, मग लावणी. आणि मालकांना मात्र गणपती नव्या घरात बसवायचे असतात! उशिराच्या दंडाचं कलम असलेल्या करारावर आपण सही करतो ती बहुधा दिवाळीनंतर, हवा कोरडी असताना. पाऊस तेव्हा कोणाला आठवतो?

वादळंही नेमकी स्लॅब टेकूंवर उभा असताना येतात. 'निसर्ग' आलं 3 जून 2020 ला, 'तौक्ते' पुढच्याच वर्षी मे महिन्यात, आणि 22 जुलै 2021 ला चिपळूण पाण्याखाली गेलं. चालू कामासाठी 'कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क' नावाची पॉलिसी मिळते. ती जरूर घ्या, पण नुकसानीतली पहिली किती रक्कम आपल्यालाच सोसायची, ते आधी वाचा. छोट्या कामात बरेचदा सगळं नुकसान त्या रकमेतच बसतं.

खाऱ्या हवेचं मात्र कोणी विम्यात धरत नाही. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किनाऱ्याच्या हवेत उघड्या राहणाऱ्या आरसीसीला, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटला, किमान एम 30 मजबुतीचं काँक्रीट आणि सळईवर 45 मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, लागतं. साइटवर काय होतं? हे अंतर राखायला सळईखाली खडीचा तुकडा सरकवतात. ओतताना कोणाचा तरी पाय पडतो, तुकडा निसटतो, सळई फळीला टेकते. काही पावसाळ्यांनी छताच्या खालून गंजाची तांबूस रेघ उमटते आणि फोन आपल्यालाच येतो. रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याखाली नोंदलेल्या इमारतीत ताबा दिल्यापासून 5 वर्षं बांधकामातला दोष प्रवर्तकाच्या, म्हणजे बिल्डरच्या, गळ्यात असतो, आणि प्रवर्तक तो ठेकेदाराच्या गळ्यात घालायला बघतो. सळईखाली ठेवायच्या तयार ठोकळ्यांची, कव्हर ब्लॉकची, पिशवी एवढी महाग नाही हो.

माणसांबद्दल थोडं. बांधकाम कामगार मंडळात नोंदणीसाठी गेल्या 12 महिन्यांत 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो द्यायला आमच्यातले बरेच जण कचरतात. कागद झाला की जबाबदारी येईल, अशी भीती. मी देतो. जबाबदारी तर माणूस परांचीवर चढला तेव्हाच आलेली असते. कामगाराला अपघात झाला तर द्यायच्या नुकसानभरपाईचा विमाही वेगळा काढतो, कारण मंडळाची नोंदणी म्हणजे तो विमा नव्हे.

उद्या सकाळी एका प्लॉटवर चाचणी खड्डा घ्यायचा आहे. मालकांचा आत्ताच फोन होता, कातळ डोळ्यांना दिसतोय तर खड्डा कशाला, म्हणून. नमस्कार.