आजीच्या नोटा आणि वाळूतला सॅमिॲड

नमस्कार मंडळी. आज एका जुन्या पुस्तकाबद्दल बोलायचंय, चांगलंच जुनं, १९०२ सालचं. इंग्लंडच्या एडिथ नेसबिट बाईंची मुलांसाठीची कादंबरी, ‘फाइव्ह चिल्ड्रन अँड इट’. मी ती सातवीत असताना वाचली होती, मग मधे कितीतरी वर्षं ती कपाटातच राहिली. परत हातात घेतली तेव्हा वाटलं लहानपणची मजा आता कुठे येणार, पण छे, दुसऱ्या पानापासून हसायला लागले ते शेवटपर्यंत.

गोष्ट साधी आहे. केंटमधलं एक खेड्याकडचं घर, आईवडील दोघंही बाहेरगावी गेलेले, घरात सिरिल, अँथिया, रॉबर्ट, जेन आणि तान्हा भाऊ. त्याला सगळे लॅम्ब म्हणतात, कोकरू, कारण तो पहिला शब्द बोलला तोच मुळी ‘बा’! घराजवळ खडी-वाळूची जुनी खाण आहे, तिथे पोरं खणायला लागतात आणि आतून निघतो सॅमिॲड, म्हणजे वाळूतली परी. डोळे गोगलगायीसारखे दांड्यांवर, आतबाहेर होणारे, कान वटवाघळाचे, हातपाय माकडाचे, पोट कोळ्यासारखं गोल आणि अंगभर मऊ केस. हजारो वर्षं वाळूत झोपलेला, त्यामुळे उठवलं की चिडतो. पाण्याची त्याला भयंकर भीती. कधीकाळी मिशीचा एक केस भिजला होता, तो दमट हवेत अजून ठणकतो म्हणतो, अगदी आपल्याकडे पावसाळ्यात गुडघे बोलतात तसं.

हा सॅमिॲड रोज एक इच्छा पुरी करतो. श्वास धरून अंग फुगवतो, फुगवतो, आणि झालं. पण सूर्यास्त झाला की सगळं संपलं. हे लक्षात ठेवा हं, सूर्यास्ताला संपतं, पुढे लागणार आहे.

पोरं आधी काय मागतात, तर खूप सुंदर व्हायचंय. होतात सुंदर, पण इतकी की लॅम्ब त्यांना ओळखतच नाही, भोकाड पसरतो, आणि घरातली मोलकरीण मार्था ही कोण परकी पोरं म्हणून दार लावून घेते. म्हणजे जादू झाली आणि दिवसभर उपाशी! मला या बाईंचं हेच फार आवडतं, जादू कितीही मोठी असली तरी पोरांची अडचण घरातलीच असते, जेवण चुकलं, बाळ रडतंय, उशीर झाला, मार्था ओरडणार. पंख मिळतात त्या दिवशीही तेच, उडून उडून भूक लागते, मग पाळकाच्या घरातून खाणं उचलतात पण पैसे आणि चिठ्ठी ठेवून, आणि चर्चच्या मनोऱ्यावर बसून खातात. पोटभर जेवून झोप लागते, जाग येते तेव्हा सूर्यास्त होऊन गेलेला, पंख गायब, आणि उतरायचा दरवाजा बंद.

आता मला जे सांगायचंच आहे ते सांगते. २०१६ची दिवाळीची सुट्टी, मी साताऱ्याला माहेरी गेले होते. भाचा तेव्हा सात वर्षांचा. अंगणात त्याचा किल्ला होता, हळीव उगवून वर हिरवंगार झालेलं, मावळे जागच्या जागी. (किल्ल्यासाठी माती खणूनच आणावी, मी तर म्हणेन तयार प्लास्टरचे किल्ले विकत आणणाऱ्यांनी पोरांचं नुकसान केलंय. आमच्या वेळी गल्लीत वाळूचा ट्रक रिकामा झाला की तीन दिवस आम्ही त्यातच. असो.) तर रोज रात्री जेवणं झाली की मी त्याला हे पुस्तक वाचायचे, म्हणजे इंग्रजीत बघायचं आणि तोंडाने मराठीत सांगायचं. परी हा शब्द काही त्याला पटेना, इतका केसाळ आणि चिडका प्राणी परी कसा असेल आत्या, हा तर वाळूबुवा. मग वाळूबुवाच ठरला.

सोन्याचं प्रकरण सोमवारी रात्री वाचून झालं होतं. त्यात पोरं अख्खी खाण भरून सोनं मागतात आणि खाण भरते जुन्या गिनींनी, राजा तिसऱ्या जॉर्जच्या काळातल्या. खिसे इतके भरतात की चालवत नाही. दुकानात जातात तर ही नाणी कुणी घेईना, घोडे घ्यायला जातात तर तो माणूस पोलीस बोलावतो, आणि चौकीत खिसे तपासतात तोवर सूर्यास्त झालेला. सूर्यास्ताला संपतं! खिसे रिकामे. भाचा लोळून लोळून हसला होता.

दुसऱ्या दिवशी मंगळवार, ८ नोव्हेंबर. रात्री आठला टीव्हीवर घोषणा झाली, पाचशे-हजारच्या नोटा मध्यरात्रीपासून बंद. घरात एकदम शांतता. मग माझी आई उठली, स्वयंपाकघरात गेली, आणि फळीवरचा तुरीच्या डाळीचा डबा खाली घेतला. डाळीत कोपरापर्यंत हात घालून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली, पिशवीत रुमाल, रुमालात पाचशेच्या चौदा नोटा. भाजीतून, दुधाच्या बिलातून वाचवून ठेवलेल्या. बाबांनाही माहीत नव्हतं. ती ओट्याशी उभी राहून त्या परत परत मोजत होती, बोटांना डाळीची पावडर लागलेली, आणि कुणाला काही बोलायचं सुचत नव्हतं.

भाचा दारात येऊन उभा राहिला. नोटांकडे बघितलं, आजीकडे बघितलं, आणि अगदी हळू, काळजीने विचारलं, “आजी, तू पण वाळूबुवाकडे मागितलं होतंस का गं?”

आई त्याच्याकडे बघत राहिली. मी तिला गिनींची गोष्ट दोन वाक्यांत सांगितली, आणि आई जी हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, पदराने डोळे पुसते आणि परत हसते. मग बाबा हसले. बाबांनी एवढंच विचारलं, अजून कुठल्या डब्यात आहेत? तर मेथीच्या दाण्यांच्या डब्यात होत्या!

नऊ तारखेला बँका बंद होत्या, नंतर आई-बाबा सकाळपासून रांगेत उभे राहिले, पैसे खात्यात भरले.

नेसबिट बाईंनी दत्तक घेऊन वाढवलेला धाकटा मुलगा जॉन, पुस्तक त्यालाच अर्पण केलंय, माझ्या कोकरा म्हणून. त्यामुळे लॅम्ब इतका खरा वाटतो, चिकट हातांचा, हट्टी. याच्या पुढे आणखी दोन भाग आहेत, १९०४चा फिनिक्स आणि गालिच्याचा, १९०६चा ताइताचा. तेही वाचा, पण सुरुवात यानेच करा, आणि संक्षिप्त आवृत्ती आणू नका, त्यात पोरांची भांडणं कापलेली असतात आणि सगळी मजा तर त्या भांडणांत आहे. आणि मोठ्याने वाचा, मोठ्याने, शेजारी पोरगं बसवून.

आमची प्रत साताऱ्यालाच असते. भाच्याने तेव्हा हट्टाने आजीकडून पाचशेची एक नोट मागून घेतली होती, ती गिनींच्या प्रकरणात खूण म्हणून घातलीय. मागच्या महिन्यात पुस्तक उघडलं, तर नोट तिथेच होती, आणि पानाच्या घडीत तुरीच्या डाळीचा एक दाणा.