सांगलीच्या भंगारातला देवनागरी कीबोर्ड: आतले स्विच ओळखायचे कसे?

(दृश्य: टेबलावर जाड, पिवळट कीबोर्ड. गुंडाळलेली केबल, टोकाला गोल पाच पिनांचा प्लग.)

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या पेढीतून हा कीबोर्ड भंगारात निघाला. पुढं कंपनीचं नाव नाही. मागचं लेबल २०१९ च्या महापुरात भिजून गेलं, आता तिथं नुसता डिंकाचा डाग आहे. लेबल शाबूत असतं तर निम्मं काम तिथंच झालं असतं. त्यावर मॉडेल क्रमांक असतो, बऱ्याचदा एफसीसी या अमेरिकी दूरसंचार नियामकाचा क्रमांकही असतो आणि जुन्या एफसीसी क्रमांकाच्या पहिल्या तीन अक्षरांवरून अर्ज करणारी कंपनी शोधता येते. आता मात्र जे काही कळायचं ते आतल्या मालावरूनच.

असा नग हातात आला की पहिला प्रश्न ठरलेला: प्रत्येक कीखालचे स्विच कुठल्या रंगाचे? नेमका हाच प्रश्न शेवटी विचारावा. आपल्याकडं डीटीपीवाल्यांनी आणि सरकारी कचेऱ्यांनी वर्षानुवर्षं टीव्हीएस गोल्ड हा कीबोर्ड बडवला. त्यात चेरी या जर्मन कंपनीचे एमएक्स जातीचे निळे स्विच, त्यामुळं ‘निळा म्हणजे चेरी’ हे डोक्यात पक्कं बसलंय. पण अल्प्स या जपानी कंपनीचाही निळा स्विच आहे, आणि नकला करणाऱ्यांनी तर सगळेच रंग वापरले. रंग उपयोगी पडतो तो घराणं, म्हणजे कंपनी आणि रचना, ठरल्यावर.

(दृश्य: कीवरची टोपी ओढून काढायचा तारेचा पुलर स्क्रोल लॉकच्या कीकॅपखाली सरकतो.)

आधी सगळ्या कीबोर्डचा वरून एक फोटो. मग पहिली की काढायची ती स्क्रोल लॉकची: कमी वापरलेली, आणि खाली आधाराची तार नाही. स्पेसबार आणि एंटर शेवटी, कारण त्यांच्याखाली स्टॅबिलायझरची तार अडकवलेली असते आणि झटका दिला की तिचे प्लास्टिकचे हूक तुटतात. पुलर तारेचाच घ्या. स्क्रूड्रायव्हरनं उचकटलं तर कड दबते आणि कॅप तिरकी येते. सरळ वर, सावकाश ओढायचं.

आता कॅप उलटी करा. मधोमध अधिकच्या चिन्हासारखं भोक असेल, तर स्विचवर तसाच क्रॉस असतो. ही चेरी एमएक्सची पद्धत, पण तेवढ्यावर शिक्का मारू नका. चेरीच्याच स्वस्तातल्या एमवाय स्विचलाही तोच क्रॉस आहे आणि दाबायला तो अगदीच वेगळा लागतो. कॅपखाली उघडी उभी स्प्रिंग दिसली, तर आयबीएमचा बकलिंग स्प्रिंग, म्हणजे दाबल्यावर स्प्रिंगच वाकते असा स्विच. आणि कॅपखालून आडवी, चपटी पट्टी बाहेर आलेली असेल, साधारण साडेचार बाय सव्वादोन मिलिमीटर, तर ती अल्प्सची बैठक, म्हणजे कॅप स्विचवर बसायची पद्धत. या कीबोर्डला तीच आहे.

(दृश्य: भिंगातून स्विच. आयताकृती खाच असलेला पांढरा स्लायडर, म्हणजे कीबरोबर वरखाली होणारा भाग. काळ्या आवरणावर बारीक उठावदार अक्षरं.)

अल्प्सची बैठक तैवानमधल्या कितीतरी नकलांनाही असते. म्हणून वरच्या आवरणावर टॉर्च तिरका धरून बघायचं. इथं कोपऱ्यात ‘अल्प्स’ ही इंग्रजी अक्षरं उठून दिसतात. तरी आत बघितल्याशिवाय नाव लावायचं नाही.

अल्प्सची एक मोठी सोय आहे: स्विच डीसोल्डर न करता, म्हणजे बोर्डापासून सुटा न करता, वरूनच उघडतो. एमएक्स स्टीलच्या प्लेटमध्ये बसवलेला असला की सहसा प्लेटच आड येते. इथं वरच्या आवरणाच्या दोन बाजूंचे हूक दोन बारीक पत्र्यांनी एकाच वेळी बाहेर ढकलायचे आणि आवरण उचलायचं. एक बाजू आधी उचलली तर हूक मोडतो. उचलताना वर बोट धरा, नाहीतर स्प्रिंग उडते.

आत काय आहे? पांढरा स्लायडर, स्प्रिंग, एका भिंतीला वाकवलेली पत्र्याची पात आणि समोरच्या भिंतीला काळी, बंद, चपटी डबी. टक्‌ असा आवाज येतो तो त्या पातीचा, विजेचा संपर्क होतो तो डबीत. बंद डबीची ही रचना जुन्या अस्सल अल्प्सची. नकलांमध्ये बहुतेकदा डबीऐवजी दोन उघड्या पत्र्या समोरासमोर असतात. लोगो, डबी आणि आवाज करणारी पात, तिन्ही जुळल्यावर आता रंग कामाला येतो: अल्प्सच्या एसकेसीएम मालिकेतला, पांढरा, क्लिकवाला.

या स्विचचा शत्रू म्हणजे धूळ. महापुराचा गाळ तर त्याहून वाईट, कारण तो सुकल्यावर पिठासारखा बारीक होतो आणि स्लायडरच्या कडांना घासत राहतो. स्लायडर आणि वरचं आवरण साबणाच्या कोमट पाण्यात मऊ ब्रशनं धुवा, दिवसभर सावलीत वाळवा. काळी डबी भिजवू नका. घरातलं मशीनचं तेल तर अजिबात नको: चार दिवस मऊ वाटतं, मग त्याच तेलाला धूळ चिकटते.

(दृश्य: काचेचा ग्लास, मीठ, दोन कीकॅप.)

आता कीकॅप. कीकॅपची दोन नेहमीची प्लास्टिकं म्हणजे एबीएस आणि पीबीटी; त्यातलं कुठलं, हे मिठाच्या पाण्यात कळतं. १०० मिली पाण्यात ३६ ग्रॅम मीठ ढवळा, म्हणजे पाणी जवळजवळ संपृक्त होतं आणि घनता १.२ च्या आसपास जाते. एबीएसची घनता १.०५ च्या आसपास, ते तरंगतं. पीबीटी १.३, ते बुडतं. कॅपच्या पोटात हवा अडकली तर पीबीटीही तरंगेल, म्हणून पाण्याखाली धरून बुडबुडे काढून टाका. ही कॅप तरंगते, म्हणजे एबीएस.

इंग्रजी अक्षर कॅपच्या आतल्या बाजूनंही वेगळ्या रंगात दिसतं. हे डबल-शॉट: दोन प्लास्टिकं एकावर एक ओतलेली, अक्षर कधीच पुसलं जात नाही. देवनागरी अक्षरावर मात्र नख फिरवलं की कड लागते, आणि जास्त वापरातल्या कीजवर ते निम्मं झिजलंय. म्हणजे कॅप कारखान्यातून इंग्रजीच आली, देवनागरी नंतर छापली.

मांडणी बघा. ‘के’वर क, ‘एच’वर प, ‘जे’वर र. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. टाइपरायटरची मांडणी अशी नसते, ही इन्स्क्रिप्ट आहे, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण मांडणी. ती १९८६ मध्ये ठरली आणि १९९१ च्या आयएस १३१९४ या मानकात आली. विंडोजचा मराठी कीबोर्डही याच मांडणीचा, त्यामुळं ही छपाई आजही उपयोगी आहे.

आणि हा पिवळेपणा? ऊन आणि उष्णतेनं एबीएस पिवळं पडतंच, पण हळदीच्या पेढीतल्या कीबोर्डवर शंका घ्यायला जागा आहे. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात कापसाचा बोळा भिजवून कडेला फिरवा. बोळा लालसर झाला तर हळद, स्पिरिटनं बरीचशी निघते. काहीच फरक पडला नाही तर प्लास्टिकच पिवळं पडलंय. ते पेरॉक्साइडनं उजळण्याची टूम आहे. पिवळेपणा पुन्हा येऊ शकतो आणि वरची छपाई उगीच धोक्यात येते, तेव्हा तसंच राहू द्यावं हे बरं.

(दृश्य: खालचं झाकण काढलेलं. हिरव्या बोर्डावर काळी चिप.)

वय चिपवर लिहिलेलं असतं. ‘९१२३’ म्हणजे १९९१ चा तेविसावा आठवडा. चार-पाच चिपांवरचे असे आकडे वाचा. कीबोर्ड त्यातल्या सगळ्यात नव्या तारखेच्या आधीचा असू शकत नाही.

एक्सटी आणि एटी या जुन्या संगणकांच्या दोन पद्धती; जोडण्याआधी तळाचं छोटं सरकतं बटण एटीकडं आहे ना ते बघा. एक्सटीवर राहिलं तर आजचा संगणक त्याची भाषा समजणार नाही. पाच पिनांचा प्लग संगणकाच्या पीएस/२ या छोट्या गोल खोबणीला साध्या अडॅप्टरनं जोडता येतो. यूएसबीला मात्र आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो, नुसता प्लग बदलून भागत नाही. वीज मिळताच तिन्ही दिवे क्षणभर लागून विझले, की कंट्रोलर, म्हणजे कीबोर्डची मुख्य चिप, जिवंत आहे असं समजा.

एखादीच की बंद असेल तर दोष स्विचमध्ये. मल्टिमीटर बीपवर ठेवून स्विचच्या दोन पायांना लावा आणि की दाबा. बीप तुटक येत असेल तर डबीत घाण शिरली आहे. एका रांगेतल्या पाच-सहा कीज एकदम बंद असतील, तर स्विच उघडत बसू नका. पुराचं पाणी बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा खातं. हिरवट थर जिथं दिसेल तिथं रेघ खरवडून तपासा, आणि तुटली असेल तर दोन टोकांच्या मध्ये बारीक तार सोल्डर करा.