हँडल मारणारे हात

हिंगणघाटच्या बाजूचं एक गाव. जुन्या गाड्यांचा मेळावा आहे; कापसाच्या जुन्या जिनिंगच्या आवारात सकाळपासून गाड्या लागताहेत. अँबेसेडर, फियाट, जीप, कडेला राजदूत आणि जावा मोटारसायकली. बहुतेक स्वतःच्या चाकांवर आल्यात, ट्रकवर लादून नाही. मालकांना याचाच अभिमान, आणि तो रास्त आहे.

ही विलीज जीप बघा. दुसऱ्या महायुद्धात गाजलेली ही गाडी महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत जोडायला घेतली. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीतून निघायचं तर चारही चाकांना जोर लागतो, आणि तो हिच्यात होता. म्हणून इथल्या शेतकऱ्यांनी ती जपली.

आज तिची बॅटरी उतरलीय. गावातले म्हातारे मिस्त्री इंजिन हातानं फिरवायचं हँडल घेऊन पुढं होतात. त्यांची पकड नीट बघा. अंगठा दांड्याभोवती वळवलेला नाही, बोटांच्याच बाजूला आहे. इंजिननं उलटा झटका दिला तर हँडल हातातून सुटलं पाहिजे, नाहीतर अंगठा मोडतो. जोरही खालून वर लावायचा, वरून खाली कधीच नाही. पेट्रोल जास्त जावं म्हणून चोक ओढलेला. एक हिसका. दुसरा. पोरं गलका करतात.

“घाई नोका करू, तिले जरा पेट्रोल पिऊ द्या,” मिस्त्री म्हणतात.

पुढच्या हिसक्याला इंजिन धडधडतं. सगळ्या आवारात टाळ्या!

फियाटवाल्यांच्या गप्पा उन्हाळ्यावर आल्यात. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की इंजिनच्या पेट्रोल पंपातच पेट्रोलची वाफ होते, गाडी भररस्त्यात बसते. मग पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि निंबाच्या सावलीत थांबायचं. आता पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलची चिंता वाढलीय. ते जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा खातं.

२०२१ च्या केंद्रीय नियमांमुळे पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेचा वेगळा नंबर मिळू लागला. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये. गाड्यांची अशी दखल घेतली गेली, हे फार चांगलं झालं. पण नुसत्या आवाजावरून टॅपेटचा, म्हणजे इंजिनच्या झडपा हलवणाऱ्या भागाचा, बिघाड ओळखणारा माणूस कुठल्याच रजिस्टरात नाही, आणि त्याच्या हाताखाली आता कुणी शिकत नाही.

पुढच्या मेळाव्यात जेवणाआधीचा तासभर या मिस्त्रींना द्या. तालुक्याच्या आयटीआयची पोरं बोलवा, बॉनेट उघडा आणि त्यांचे हात काळे होऊ द्या.