गाडी टायर का खाते?

(पडद्यावर: मोकळ्या डांबरी रस्त्यावर धावणारी पिकअप. संगीत नाही, फक्त चाकांचा आवाज.)

आधी हा आवाज नीट ऐकू या. पन्नास-साठच्या वेगाला सुरू होतो, ऐंशीला घुमायला लागतो आणि वेग उतरला की तोही उतरतो. पिकअप चालवणाऱ्या बहुतेकांच्या ओळखीचा. त्यावर दोन निदानं लगेच तोंडावर येतात: चाक ज्यावर फिरतं ते बेअरिंग गेलं, नाहीतर टायर संपले. दोन्ही खरी असू शकतात. पण बेअरिंग बदलूनही घुमणं थांबत नाही, किंवा नवे टायर काही महिन्यांत तसेच ओरडायला लागतात, तेव्हा समजावं की मधली एक पायरी गाळली गेली आहे. टायरकडे कुणी नीट बघितलंच नाही.

घासलेला टायर ही गाडीने स्वतः लिहिलेली नोंद असते. तोच टायर पुढचा मागे केला की ही नोंद कुठल्या चाकाची होती, तेच कळेनासं होतं. जुना टायर काढून टाकला तर नोंदच गेली. म्हणून आधी वाचायचं, मग हलवायचं.

(पडद्यावर: स्टेअरिंगवरचे हात, समोर सरळ रिकामा रस्ता.)

सुरुवात रस्त्यावर. आवाज येतो त्या वेगाला, मोकळी जागा बघून, इंजिन चालू ठेवून गियर न्यूट्रल करा. इंजिनचे फेरे खाली आले आणि आवाज तसाच राहिला, तर इंजिन संशयातून सुटलं. अॅक्सिलरेटर दाबल्यावर एक सूर आणि सोडल्यावर वेगळा, असं होत असेल तर मागच्या डिफरन्शियलकडे, म्हणजे मागच्या एक्सलच्या मधल्या दातेरी चक्रांकडे, बघावं लागेल, कारण दातांवरचा भार बदलला की तिथला सूर बदलतो. टायरला पायाशी काही देणंघेणं नाही. त्याला दोनच गोष्टी कळतात, वेग आणि रस्ता. खडबडीत डांबर संपून गुळगुळीत पट्टा लागला आणि आवाजाची जातच बदलली, तर तो बहुधा टायरचा. बेअरिंग कुठल्याही रस्त्यावर तेच गाणं गातं.

बेअरिंगला वळण मात्र कळतं. लांब, सौम्य वळणावर गाडी डावीकडे वळते तेव्हा भार उजव्या चाकांवर जातो. त्या वेळी गुरगुर वाढली तर उजव्या बाजूचं बेअरिंग तपासायचं. उजवीकडे वळताना वाढली तर डाव्या बाजूचं. एवढ्यावर लगेच हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, उघडायला घेऊ नका. वळणात टायरच्या कडेवरही भार येतो, आणि कड घासलेली असेल तर तीही जास्त ओरडते. खात्री चाक उचलल्यावरच होते.

(पडद्यावर: जॅकवर उचललेलं पुढचं चाक, खाली स्टँड. दोन हात टायरवर.)

स्टँड लावल्याशिवाय यातलं काहीही करायचं नाही. टायर घड्याळात 12 आणि 6 असतात त्या जागी धरून आत-बाहेर हलवा. खटखट जाणवली तर प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे. आता दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. प्ले नाहीसा झाला तर तो बेअरिंगमधला. ब्रेक दाबूनही राहिला तर सस्पेन्शनचा सांधा, म्हणजे बॉल जॉइंट, किंवा त्याच्या आसपासचं काहीतरी. मग 9 आणि 3 वर धरून हलवा. फक्त इथेच ढिलेपणा असेल तर टाय रॉड एन्ड किंवा स्टेअरिंगचे बाकीचे सांधे बघायचे. शेवटी चाक हाताने फिरवा आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवा. खराब बेअरिंगची खरखर कानाआधी बोटांना लागते.

आता थोडा हिशोब, कारण टायर सूर का धरतो ते त्याशिवाय पटत नाही. टायरचा घेर सव्वादोन मीटरच्या आसपास धरू. ताशी 80 किलोमीटरला गाडी सेकंदाला 22 मीटर जाते, म्हणजे चाकाचे सेकंदाला साधारण 10 फेरे. ब्रेक जाम होऊन टायरवर एकच चपटी जागा पडली असेल तर सेकंदाला 10 धक्के बसतात. धपधप अशी ती वेगळी जाणवते. घेरावर बारा खड्डे असतील तर सेकंदाला 120 धक्के. त्यांना कान धक्के म्हणून ओळखतच नाही. त्यांचा एक सलग, जाड सूर होतो. बेअरिंगच्या आवाजाशी त्याची इतकी गल्लत होते ती याचमुळे.

हा सूर टाळायची खटपट टायर बनवणारेही करतात. नक्षीचे ठोकळे जवळून बघा, सगळे एका मापाचे नसतात. मुद्दाम लहानमोठे ठेवलेले असतात, म्हणजे एकच सूर साठत नाही. चिखलासाठीच्या टायरमध्ये ठोकळे मोठे आणि खाचा रुंद, त्यामुळे त्या खाचांत दबून सुटणारी हवा नव्या टायरलाही आवाज करायला लावते. तो दोष नाही. त्यासाठी अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन नीट बसवणं, करून घेणं म्हणजे पैसे वाया.

(पडद्यावर: टायरच्या बाजूवर खडूने लिहिणारा हात: 'पुढचा डावा'.)

चारही टायरवर जागा लिहून घ्या. गाडी किमान तीन तास उभी असताना, म्हणजे टायर थंड असताना, हवा मोजा आणि आकडा लिहून ठेवा. आधी भरू नका, कारण कमी असलेली हवा हाही पुरावाच आहे. मग नक्षीची खोली आतल्या कडेला, मध्ये आणि बाहेरच्या कडेला मोजा, आणि हेच टायरच्या घेरावर तीन-चार ठिकाणी करा. आतली कड उभ्याने दिसत नाही. पुढची चाकं पूर्ण वळवून बघा, मागच्यांसाठी खाली वाकावं लागेल. बाहेरून नवा दिसणारा टायर आतल्या कडेला रबराखालच्या तारेपर्यंत झिजलेला असू शकतो.

मधला पट्टा जास्त घासला असेल तर हवा जास्त, दोन्ही कडा घासल्या असतील तर हवा कमी. हे बहुतेकांना माहीत असतं. पिकअपमध्ये एक जास्तीची गोम आहे. मागच्या टायरमध्ये पूर्ण मालाची हवा भरलेली आणि हौदा मात्र रिकामा, असं रोज चाललं तर मागचे टायर मधोमध झिजतात. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर पुढची-मागची हवा दिलेली असते, आणि पुष्कळ गाड्यांत रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी वेगवेगळी. तोच आकडा धरायचा. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, रोजचा नव्हे.

(पडद्यावर: अगदी जवळून, ट्रेडवर आडवा फिरणारा तळहात.)

आता ट्रेडवरून, म्हणजे टायरच्या नक्षीवरून, हात आडवा फिरवा, बाहेरून आत आणि परत आतून बाहेर. घाई नको, आणि तार निघालेली नाही एवढं आधी बघून घ्या. एकीकडे जाताना हात सरकतो, उलट येताना प्रत्येक पट्टीच्या कडेला अडतो. अशी झीज म्हणजे टो, म्हणजे वरून बघितल्यावर चाकाचं तोंड आत किंवा बाहेर वळलेलं असणं, बिघडलेला. बाहेरून आत नेताना हात सहज गेला आणि आतून बाहेर आणताना कडा बोचल्या, तर टो-इन जास्त आहे, म्हणजे चाकांची तोंडं आत वळलेली. उलट असेल तर टो-आउट, तोंडं बाहेर. डोळ्यांना हे दिसायच्या कितीतरी आधी तळहाताला समजतं. एका पैशाचं उपकरण लागत नाही, म्हणून ही तपासणी मला सगळ्यात मोलाची वाटते.

टो एवढं नुकसान का करतो? टायरचा व्यास 70 सेंटिमीटर धरा. एका चाकाचं तोंड सरळ रेषेपासून इतकंच वाकडं आहे की टायरची पुढची आणि मागची कड यांत 3 मिलिमीटरचा फरक पडतो. नुसत्या नजरेला तो दिसणार नाही. पण गाडी सरळ आणि चाक तिरपं, म्हणून दर किलोमीटरला ते चाक सुमारे सव्वाचार मीटर आडवं फरपटतं. शंभर किलोमीटरला सव्वाचारशे मीटर. या हिशोबापुढे टायर किती टिकणार?

कॅम्बर, म्हणजे समोरून बघितल्यावर चाकाचा वरचा भाग आत किंवा बाहेर झुकलेला असणं, एकच कड खातो, आणि ती बहुधा गुळगुळीत खातो, बोच न ठेवता. पुढची उंची वाढवलेल्या पिकअपमध्ये हे हमखास बघायचं. किट बसवलं आणि अलाइनमेंट केलीच नाही, तर कॅम्बर आणि टो दोन्ही आपल्या जागेवरून सरकलेले असतात. स्प्रिंग बसल्या, सस्पेन्शनच्या आर्मचे रबरी बुश मेले, तरी तेच.

आता हात आडवा नको, चाकाच्या फिरण्याच्या दिशेने चालवा. प्रत्येक ठोकळ्याचं एक टोक उंच आणि एक खाली, करवतीच्या दातांसारखं, असं लागलं तर टायर बरेच दिवस एकाच जागी राहिले आहेत. मोठ्या ठोकळ्यांच्या टायरमध्ये ही झीज लवकर येते आणि तिचा आवाज भरपूर. जागा वेळेवर बदलत राहिलं तर ती ताब्यात राहते.

आणि हाताला लाटा लागल्या, घेरावर थोड्याथोड्या अंतराने उथळ खड्डे, तर चाक रस्त्यावर उड्या मारतंय. मघाचे 120 धक्के ते हेच. शॉकअप थकलेले असतात, किंवा बॅलन्सिंग गेलेलं, किंवा एखादा सांधा ढिला. पिकअपचा मागचा एक्सल जड, पाटे, म्हणजे मागच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा, माल पेलण्यासाठी कडक, आणि वर हौदा रिकामा. शॉकअपने चाक दाबून धरलं नाही तर खड्ड्यातून उसळलेलं चाक लवकर शांत होत नाही. शॉकअप तेलाने ओला दिसला तर निकाल लागलाच. कोरडा असला म्हणून तो ठणठणीत असतोच असं नाही. गाडी दाबून सोडायची जुनी परीक्षा पिकअपच्या कडक पाट्यांवर फारसं काही सांगत नाही, म्हणून इथे टायरवरच्या लाटांवरच जास्त विश्वास ठेवावा.

(पडद्यावर: गाडीखालून मागचा एक्सल, पाटे, यू-बोल्ट.)

मागच्या टायरची कड घासते तेव्हा कोडं पडतं. बहुतेक पिकअपला मागे एकसंध एक्सल असतो आणि त्याला टो किंवा कॅम्बर फिरवून बसवायची सोय नसते. मग कड घासली कशी? एक तर एक्सलचं घर वाकलंय, बेसुमार मालाने किंवा धडकेने. नाहीतर एक्सल पाट्याला बांधणारे यू-बोल्ट ढिले होऊन पाट्याचा सेंटर बोल्ट तुटलाय आणि एक्सल एका बाजूने मागे सरकलाय. तेव्हा गाडी तिरकी चालते: स्टेअरिंग किंचित वळवून धरलं तरच सरळ जाते, आणि मागून बघणाऱ्याला चारही चाकं दिसतात. पुढची चाकं सरळ ठेवून दोन्ही बाजूंना पुढच्या हबच्या मधापासून मागच्या हबच्या मधापर्यंत टेपने मोजा. मापं जुळली नाहीत तर पुढे कितीही अलाइनमेंट करा, टायर झिजतच राहणार. तपासणी चारही चाकांची झाली पाहिजे.

फोर व्हील ड्राइव्हची एक सवय इथे सांगायला हवी. ज्या गाडीत पुढच्या-मागच्या एक्सलमध्ये मधलं डिफरन्शियल नाही, ती कोरड्या डांबरावर फोर व्हीलमध्ये चालवू नका. वळणात पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, तो फरक जाणार कुठे? तो टायर घासून निघतो, आणि पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर ताण पडतो तो वेगळाच.

सगळं तपासताना ट्रेडवर एकाच जागी फुगवटा आढळला, आणि हळू वेगातही गाडी डुलत असेल, तर बाकीचं निदान तिथेच थांबवा. टायरच्या रबराआतला तारेचा पट्टा सुटला आहे. तो टायर फुटू शकतो. स्टेपनी लावा आणि तो टायर पुन्हा रस्त्यावर आणू नका.

दुरुस्तीचा क्रम उलटा करायचा नाही. आधी ढिले सांधे, बुश, शॉकअप; मग अलाइनमेंट. ढिल्या सांध्यांवर केलेली अलाइनमेंट पुढच्या खड्ड्यापर्यंतच टिकते. हौद्यात अवजारांची जड पेटी कायम असेल तर ती ठेवूनच अलाइनमेंट करा, कारण गाडीची बैठक बदलली की कोनही बदलतात. आणि बदलाआधीचे-नंतरचे आकडे छापून मागा.

एवढं करूनही त्याच टायरवर आवाज लगेच थांबणार नाही. झिजलेलं रबर परत भरून येत नाही. हलक्या झिजेचे टायर नव्या जागी काही हजार किलोमीटरमध्ये बरेच शांत होतात. खोल लाटा पडलेले घुमतच राहतात. दुरुस्ती बरोबर झाली की नाही हे आवाजावरून ठरवू नका. नवे टायर घातले असतील तर दोन-तीन हजार किलोमीटरनंतर पुन्हा तळहात आडवा फिरवा आणि खोली तिन्ही ठिकाणी मोजा. आकडे सारखे असतील आणि कडा बोचत नसतील तर कोन जमले आहेत. त्यानंतर दर आठ-दहा हजार किलोमीटरला, किंवा गाडीच्या पुस्तकात दिलं असेल त्याप्रमाणे, टायरच्या जागा बदला, आणि प्रत्येक वेळी बदलण्याआधी खडूने खूण करून मापं लिहून ठेवा.